मामांचे ५० हर्ट्झ

गेल्या रविवारपासून माझ्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्प्लिफायरवर एक पिवळी चिठ्ठी चिकटलेली आहे. तिच्यावर "तपासले. १० पैकी ४" असे निळ्या शाईत लिहिलेले असून खाली तारखेसह सही आहे. सही माझ्या पत्नीच्या मामांची आहे. ते वीज खात्याच्या मीटर तपासणीतून निवृत्त झाले त्याला बारा वर्षे झाली, पण तपासणी काही निवृत्त झालेली नाही.

मे महिन्यातल्या भर दुपारी, डोक्याला दुपट्टा बांधून आणि खिशात कांदा ठेवून, मामा नागपूरच्या महाल भागातून प्रतापनगरला आले ते पन्हे पिण्यापुरते. दारात पाऊल ठेवताच त्यांनी विचारले, "कूलर काहून बंद आहे जी?" कूलर चालू असला की गाण्यातला तंबोरा ऐकू येत नाही, म्हणून ४५ अंशांत मी तो बंद ठेवून घाम पुसत बसलो होतो, हे कोणत्याही सभ्य माणसाला सांगण्यासारखे कारण नव्हते. मी नुसते अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट दाखवले. काचेच्या नळ्यांत नारिंगी तारा मंद जळत होत्या. मामांनी ट्रान्सफॉर्मरजवळ तळहात नेला, चटकन मागे घेतला आणि पिशवीतून तारेभोवती पकडून वीज मोजायचे क्लॅम्प मीटर काढले. लग्नाच्या पंगतीलाही ते त्यांच्या पिशवीत असते.

"जावईबापू, हे एकशे तीस वॅट खाऊन राहिलं. देऊन काय राहिलं?"

"दोन्ही बाजूंना आठ-आठ वॅट."

चोरीचा आकडा सापडल्यावर पाळावी तेवढी शांतता मामांनी पाळली. "एवढ्या गळतीवर आमच्याकडे चौकशी लागत होती."

मग मीही पेटलो. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमधला ३०० बी हा व्हॉल्व्ह वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने १९३८ साली बाजारात आणला, ट्रान्झिस्टरचा जन्म त्यानंतर १९४७ मध्ये झाला, आणि तरीही लोक या नळ्या सोडत नाहीत, याला काही कारण असेल की नाही? कारण असे की, अशा एकेरी व्हॉल्व्हच्या डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मूळ आवाजात तो घालतो त्या भेसळीत, दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनांचा सूर, सर्वांत ठळक असतो, म्हणजे सा वाजला की त्याच्या डोक्यावर तार सा अगदी बारीक उमटतो आणि कानाला ते बेसूर न वाटता भरदार वाटते. शिवाय ताकद संपत आली की ट्रान्झिस्टर आवाजाचे टोक कापून टाकतो, व्हॉल्व्ह ते हळूच वाकवतो. लहानपणी आमच्या घरच्या रेडिओची कळ फिरवली की अर्धा मिनिट नुसती धूळ भाजल्याचा वास येई आणि मग कुठून तरी दुरून आकाशवाणीचे नागपूर केंद्र उगवत असे. तो ऊबदार आवाज मला परत हवा होता आणि त्यासाठी मी किती पैसे मोजले याविषयी घरी जे सांगितले आहे, त्यातही थोडे डिस्टॉर्शन आहे.

मामांनी एवढ्या भाषणातून एकच प्रश्न काढला. "टक्के किती?"

"पूर्ण ताकदीला दोन-तीन. कधी पाचही."

"घरगुती मीटरला एक टक्का चूक चालते. त्याच्या वर गेलं तर आम्ही मीटर काढून नेत होतो."

मी शेवटचे अस्त्र काढले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, ती तरी काय असते? तीही तारेच्या सरळ सुरात वरचे सूर मिसळणेच ना? मग तंबोराही सदोष म्हणायचा का? मामांनी पन्ह्याचा घोट घेतला. "तंबोरा गाणाऱ्याच्या मागं असते. त्याची जवारी त्यानं लावली, ती रेकॉर्डात आली. तुम्ही घरी बसून त्याच्यावर आणखी जवारी लावून राहिले. तुम्हाला कोणी सांगितली?"

या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे आणि ते न सापडल्याचाच मला जास्त राग आहे.

त्यानंतर, कोणता अ‍ॅम्प्लिफायर वाजतो आहे ते मी न पाहता ओळखायचे, अशी परीक्षा ठरली. एका बाजूला माझा व्हॉल्व्ह, दुसऱ्या बाजूला मुलीच्या खोलीतला स्वस्त ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर, मध्ये चादर, स्पीकर तेच, तारांची अदलाबदल मामांकडे आणि नोंद मुलीकडे. दोन्हींचा आवाज सारखा करणे आवश्यक असते, ही गोष्ट मामांना कोणी न सांगता ठाऊक होती. मात्र त्यासाठी त्यांनी सूर निवडला तो ५० हर्ट्झचा, म्हणजे घरोघरची वीज सेकंदाला जितकी कंपने घेते तितक्यांचा. घरभर डीपीजवळ उभे राहिल्यासारखी घरघर सुरू झाली आणि मामा मल्टिमीटरचे टोक स्पीकरच्या तारेला लावून, एखाद्या बुजुर्गाचा षड्ज ऐकावा तसे डोळे मिटून म्हणाले, "चौतीस वर्षं याच सुराची नोकरी केली."

येथे माझी तक्रार नोंदवणे भाग आहे. स्पीकरचा विजेला होणारा विरोध ओहममध्ये मोजतात, पण आठ ओहम लिहिलेला स्पीकर सर्व सुरांना आठ ओहमांचाच राहत नाही. खर्जात हा विरोध बराच वर चढतो आणि अशा व्हॉल्व्हचा स्पीकरवर ताबा सैल असल्याने तेथे आवाज फुगतो. म्हणजे ५० हर्ट्झवर सारखे केलेले दोन अ‍ॅम्प्लिफायर गळ्याच्या सुरांत सारखे राहतीलच असे नाही. माझा व्हॉल्व्ह तेथे थोडा दबला, आणि दबलेला आवाज कानाला नेहमीच फिका वाटतो. हे मी चौथ्या फेरीनंतर सांगितले. तेव्हा सारे माझ्याकडे, नापास झाल्यावर पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा होता म्हणणाऱ्या मुलाकडे पाहावे तसे पाहू लागले. मामी तर सोफ्यावर झोपल्या होत्या, त्याही तेवढ्यापुरत्या जागल्या.

दहा फेऱ्यांत मी चार बरोबर सांगितले. सातव्या फेरीत "हा पाहा, गाणारा समोर बसल्यासारखा" असे मी गहिवरून म्हणालो, तो मुलीच्या खोलीतला निघाला. हळू आवाजात व्हॉल्व्हचे डिस्टॉर्शनही फार कमी असते आणि फरक ओळखणे कठीण होते, असे मी म्हणणार होतो, पण मग इतके दिवस हळू आवाजात मला नेमका कोणता गोडवा ऐकू येत होता, असे कोणीतरी विचारले असते.

मामांनी चिठ्ठी लिहिली, डिंक मागितला आणि जाताना कूलर चालू करून दिला. पत्नी चिठ्ठी काढू देत नाही. रात्री तासभर गाणे लावले की ट्रान्सफॉर्मर तापतो, डिंक मऊ होतो, चिठ्ठीचा एक कोपरा उचलला जातो, आणि व्हॉल्व्ह विझवला की पुन्हा चिकटतो.