फिश टँकखाली एसपीसी का नाकारलं : एका स्टारला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा एका स्टारचा अभिप्राय दुकानात आम्ही सगळ्यांनी वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी : आमच्या दुकानातला मुलगा माप घ्यायला आला, हॉलभर एसपीसी (जुन्या फरशीवर पसरायचं, एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्यांचं फ्लोअरिंग) घालायला तयार झाला, पण फिश टँकच्या कोपऱ्यात घालणार नाही म्हणाला. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ छापलेलं असताना त्या कोपऱ्यासाठी ग्रॅनाइटचा खर्च काढला, वजनाची भीती घातली, वर व्हिजिटचे ५०० रुपये घेतले. दुसऱ्या दुकानाने एकही प्रश्न न विचारता दिवसभरात काम उरकून दिलं.

नकार त्या मुलाचा नव्हता, माझा होता. त्याने पाठवलेले फोटो आणि मापं बघून मीच त्याला तसं सांगायला लावलं.

एसपीसीची पट्टी वॉटरप्रूफ असते, यात वाद नाही. दगडाची भुकटी आणि पीव्हीसी यांची ती बनते, पाण्यात ठेवली तरी फुगत नाही. लॅमिनेटचं तसं नाही. त्याच्या पोटात एचडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड असतो. सांध्यात पाणी मुरलं की कडा वर येतात त्या परत बसत नाहीत. टँक असलेल्या खोलीत लॅमिनेट मी दाखवतसुद्धा नाही. पण तुमच्याकडे आमची पहिली अडचण पाण्याची नव्हतीच, वजनाची होती.

तुमचा टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. म्हणजे १२ घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी बसतं, म्हणजे काठोकाठ भरला तर ३४० लिटर, तेवढेच किलो. थोडा रिकामा ठेवला तरी जाड काच, वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड धरून साडेचारशे किलोच्या घरात जातो. स्टँड चार पायांचं आहे, पाय एक इंची चौकोनी पाइपचे. एका पायावर शंभर किलोच्या वर, आणि तेही रात्रंदिवस. खाली ५ मिलिमीटरची पट्टी, तिच्याखाली फोमचा थर. पाय सांध्याजवळ आला तर फोम दबतो आणि पट्ट्या एकमेकांत अडकवणारी क्लिकची पातळ जीभ तुटते. हे पहिल्या दिवशी दिसत नाही. दिसतं तेव्हा टँक भरलेला असतो आणि हलवायची कोणाची तयारी नसते.

दुसरी गोष्ट, एसपीसी खाली चिकटवलेलं नसतं, फरशीवर नुसतं पसरलेलं असतं. ऊन-थंडीप्रमाणे ते आखडतं-पसरतं, म्हणून भिंतीकडेने फट सोडून वर स्कर्टिंग लावतात. एका कोपऱ्यात साडेचारशे किलो ठेवलं की तिथे ते जखडलं जातं. तुमच्या हॉलमध्ये समोरच्या बाजूला भरलेलं जड शोकेस आहे आणि बाल्कनीतून दुपारचं ऊन थेट आत येतं. दोन्हीकडून जखडलेलं फ्लोअरिंग मधे कुठेतरी सांधा सोडतं, नाहीतर फुगा धरतं. मोठ्या कंपन्या बसवण्याच्या सूचनांमध्ये किचन कॅबिनेटसारख्या जड, कायमच्या वस्तू अशा फ्लोअरिंगवर ठेवू नका म्हणतात, ते याचसाठी.

आता पाणी. टँक फुटणं फार क्वचित. खरं पाणी येतं ते बादलीने पाणी बदलताना, कॅनिस्टर फिल्टरच्या (टँकबाहेर ठेवायच्या फिल्टरच्या) सैल पाइपमधून, आणि लाइट गेल्यावर. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर लाइट जाताच नळीतून पाणी उलटं येऊन जमिनीवर ठिबकत राहतं. उघड्या फरशीवर ते लगेच दिसतं, पुसून मोकळे. एसपीसीवर ते सांध्यातून खाली उतरतं, फोम आणि जुनी फरशी यांच्यामध्ये अडकतं, आणि कळतं ते वासावरून किंवा भिंतीचा रंग सुटल्यावर.

खर्चाचं म्हणाल तर आमचा पहिला पर्याय फुकटचाच होता. तुमच्या घरात आधीपासून चांगली व्हिट्रीफाइड फरशी आहे. त्या कोपऱ्यात ५ बाय २ फूट ती तशीच उघडी ठेवायची, कडेला धातूची पट्टी मारायची. १० चौरस फूट माल तुमच्या बिलातून कमीच होत होता. दोन रंग दिसतील म्हणून तुम्हाला ते नको होतं, तेव्हा त्या कोपऱ्यात ग्रॅनाइट घालायचं निघालं. मुलाने नाण्याने फरशी वाजवून पाहिली होती, ती पोकळ फरशी शोधायला. पोकळ फरशी स्टँडच्या पायाखाली तडकते. तुमची एकही निघाली नाही. मार्बलचा उरलेला तुकडा चालेल का, असंही तुम्ही विचारलं होतं. नाही म्हणालो, कारण लोखंडी स्टँडचा गंज त्यात उतरतो, आणि टँकरच्या पाण्याचे काचेवरचे पांढरे डाग काढायला लोक व्हिनेगर वापरतात, ते सांडलं की मार्बलची पॉलिश गेलीच.

स्लॅबची भीती आम्ही घातलेली नाही. घरातल्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचं वजन धरून काढतात. टँक भिंतीलगत, बीमजवळ ठेवा, खोलीच्या मध्यावर नको, एवढंच बोलणं झालं. चार फुटी टँकला तेवढं पुरे. पुढेमागे सहा फुटी घेणार असाल तर मात्र इंजिनिअरला विचारा, फ्लोअरिंगवाल्याला नको.

काम झालंच आहे, तर आता काय करता येईल ते सांगतो. स्टँडच्या पायांखाली रबराचे पॅड दिलेत असं तुम्ही लिहिलंय. ते काढायला हवेत. रबराने एसपीसीच्या व्हिनाइलवर पिवळट-तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही. घाईने टँक हलवू नका. पुढच्या वेळी रिकामा कराल तेव्हा स्टँडभोवती पट्ट्या कापून तो कोपरा बाकी हॉलपासून सुटा करून घ्या, कापलेल्या फटीवर पट्टी बसेल. आतलं एसपीसी आणि फोम काढून फरशीच उघडी ठेवली तर उत्तम. ठेवायचंच असेल तर निदान सगळे पाय एका अखंड १९ मिलिमीटर बीडब्ल्यूपी (वॉटरप्रूफ) प्लायवर आणा, कडांना पेंट मारून. तोवर एअर पंपाच्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, तो पाणी उलटं येऊ देत नाही. किरकोळ किमतीत मिळतो. पाणी बदलताना खाली जुना टॉवेल अंथरा.

व्हिजिटचे ५०० रुपये फोनवर आधी सांगितले होते आणि ऑर्डर दिल्यास बिलातून वजा होतात. ऑर्डर झाली नाही, म्हणून ते परत मिळणार नाहीत. कोपरा कापायचं काम आमच्याकडून करून घेतलंत तर मात्र त्या बिलातून वजा करू. पावती जपून ठेवा.