पाण्यात दिसेनासा झाला की स्फटिक खरा?

श्रावण जवळ आला की घृष्णेश्वराला निघालेल्यांच्या ग्रुपवर स्फटिकाच्या माळांबद्दल एक मेसेज हमखास फिरतो. ‘आरपार दिसतो तो स्फटिक. खरा असेल तर पाण्यात दिसेनासा होतो. हाताला गार लागतो, कारण त्यात शक्ती असते. काच म्हणजे नुसता घट्ट झालेला द्रव, जुन्या खिडक्यांत ती खाली ओघळते.’ यात अर्धंच वाक्य खरं आहे.

आरपार दिसण्यावर काही ठरत नाही. स्फटिकात अणू एकाच क्रमाने लांबवर रचलेले असतात. काचेत हा क्रम शेजारच्या मोजक्या अणूंपलीकडे टिकत नाही. वेरूळचं कैलास लेणं ज्या काळ्या बेसॉल्टात कोरलंय, त्यातून उजेड जात नाही, तरी तो मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांच्या बारीक स्फटिकांचाच आहे. साखरेचंही तसंच. खडीसाखर स्फटिक, आणि चिक्कीचा झटकन गार झालेला काचेसारखा पाक अस्फटिक.

पाण्याची परीक्षा तर उलटीच पडते. वस्तू पाण्यात दिसेनाशी व्हायला तिचा अपवर्तनांक (तिच्यात शिरताना प्रकाश किती वाकतो याचं माप) पाण्याइतका, म्हणजे १.३३ च्या आसपास हवा. माळेतल्या खऱ्या स्फटिकाचा, म्हणजे क्वार्ट्झ या खनिजाचा, १.५४, साध्या काचेचा साधारण १.५२. दोन्ही दिसणारच, पुसट झालीच तर किंचित काच होईल! पाण्यात खरोखर हरवतात ते कुंडीत टाकायचे फुगणारे जेलचे मणी, कारण ते जवळजवळ पाणीच असतात.

गार लागतो, हे मात्र खरं. शक्तीचा संबंध नाही. अणूंची रचना नीट असली की उष्णतेची कंपनं फारशी न अडखळता पुढे सरकतात, म्हणून क्वार्ट्झ काचेपेक्षा जास्त वेगाने तळहाताची ऊब ओढून घेतो. पण उन्हात ठेवलेली माळ तापणारच, खरी असो वा खोटी.

ओघळण्याचं थोडक्यात: जुन्या तावदानांची जाडी कमीजास्त आहे ती बनवण्याच्या पद्धतीमुळे. नेहमीच्या तापमानाला काच घनच असते.

अजिंठ्याच्या पायथ्याशी किंवा वेरूळला घ्यायचंच असेल तर भिंग न्या. आत गोल हवेचे बुडबुडे दिसले तर ती काच. मोठा गोळा असेल तर त्याखाली केस धरून गोळा फिरवत पाहा. क्वार्ट्झमधून काही कोनांत एकाचे दोन दिसतात, काचेतून नाही. कारखान्यात वाढवलेला क्वार्ट्झही या परीक्षेत पास होतो, कारण रचनेने तोही स्फटिकच. तो खाणीतला आहे का, हे मात्र दुकानदाराला विचारा.