झाड जिवंत आहे

सोसायटीच्या वार्षिक सभेत मी एवढंच म्हणालो की, घोडबंदर रोडला माणसांना टँकर लागतो, तिथे लॉनचे कसले लाड? टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत मी उद्यान समितीचा प्रमुख झालो होतो. समितीत दुसरं कुणी नाही.

जूनमध्ये लॉनचा तुकडा उखडून तामणाचं रोप लावलं. पिशवी फाडली तर मुळं आत जिलबीसारखी गोल फिरलेली. ती सोडवत बसलो. माळी म्हणाला, “साहेब, वीतभर खोल गाडू, पडायचं नाही.” मी म्हटलं, बुंधा मातीखाली गेला की कुजतो. पुस्तक वाचून पोहायला शिकलेल्या माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

खरी लढाई पाचोळ्याची. पावसाळा संपल्यावर ओल टिकावी म्हणून आळ्यात ४ बोटं पाचोळा पसरला, बुंध्यापासून जरा लांब. दुसऱ्या दिवशी आळं देवघरासारखं लख्ख! मी पसरायचा, झाडणाऱ्या मावशींनी उचलायचा, असं आठवडाभर चाललं. “कचरा दिसला की सेक्रेटरी मला बोलतात, तुम्हाला नाही.” मुद्दा बिनतोड होता. आम्ही पाचोळा गोण्या भरून बाहेर पाठवायचे पैसे देतो आणि खताच्या गोण्या विकत आणतो. दोन्ही खर्च हिशेबाच्या वेगवेगळ्या पानांवर असल्याने कुणाला काही खटकत नाही.

जानेवारीत तामणाने शेवटचं पान टाकलं. ग्रुपवर फोटो आला, खाली हात जोडलेले. एकाने तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ही लिहिलं. मी घसा फोडून सांगितलं, हे पानगळीचं झाड आहे, याचं फूल आपलं राज्यफूल आहे, मोठं झालं की एप्रिल-मेमध्ये जांभळं फुलेल.

“राज्याचं असेल हो,” तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “पण पैसे सोसायटीचे ना?”

शेवटी सगळ्यांसमोर फांदीची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवागार थर. काकूंनी चष्मा लावून खात्री करून घेतली.

तिथेच चुकलं. आता स्कूलबसची वाट बघणारी पोरं, फेरी मारणारे आजोबा, लिफ्ट बंद म्हणून ताटकळणारा डिलिव्हरीवाला, जो येतो तो नखाने बघून जातो. मनगटाएवढ्या खोडावर मांजराने धार लावल्यासारखे ओरखडे!

काल वैतागून पाटी रंगवली: ‘झाड जिवंत आहे. खात्री करू नये.’ लावायला माळ्याकडे दिली.

त्याने ती तामणालाच खिळा ठोकून लावली.