भयकथेवर खटला कशाला?

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत एक छोटं वाचनालय आहे. तिथे वेगवेगळ्या लेखकांच्या भयकथांचा एक संग्रह आला आणि समितीत वाजलं. एका गटाचं म्हणणं, ज्या राज्यात 2013 मध्ये डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर जादूटोणाविरोधी कायदा आला, तिथे पोरांच्या हाती भुताखेतांची पुस्तकं कशाला द्यायची? दुसरा गट म्हणतो, वाचू द्या, मोबाइलपेक्षा बरं. मावसभाऊ मला दोन्ही बाजू फोनवर ऐकवतो आणि वर विचारतो, 'तू तिकडे विलायतेत बसून काय ते सांग.'

तर सांगतो. पहिल्या गटाचा राग मला समजतो, पण तो चुकीच्या कपाटावर निघतोय.

मी राहतो त्या इंग्लंडमध्ये भुताची गोष्ट हा नाताळचा फराळ आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रमुख राहिलेले एम. आर. जेम्स, हस्तलिखितांचे गाढे अभ्यासक, नाताळात मित्रांना स्वतः लिहिलेल्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवत. पॅन प्रकाशनाच्या भयकथासंग्रहांच्या मालिकेचे 1959 ते 1989 या काळात 30 खंड निघाले. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांच्या पिवळ्या पडलेल्या प्रती अजून मिळतात. आपल्याकडे हे काम दिवाळी अंकांनी केलं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी हे आपले भयकथाकार कित्येकांना आधी तिथेच भेटले.

अनेक लेखकांच्या संग्रहाची मजा वेगळी. एकाच लेखकाच्या तिसऱ्या गोष्टीपर्यंत त्याचा हात कळतो, कुठे दार वाजणार ते आधीच ऐकू येतं. इथे दर पंधरा-वीस पानांनी घरमालक बदलतो. नव्या घरात दिवा कुठे लावायचा हेच माहीत नसतं. (परक्या गावच्या भुताची ओढ सगळीकडे सारखीच म्हणा. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या 1902 च्या गोष्टीतला माकडाचा पंजा भारतातल्या फकिराने मंतरलेला असतो, आणि पुण्या-नाशिकच्या लेखकाचं भूत निम्म्या वेळा कोकणात राहतं.)

पण नाशिककराला या इंग्रजी गोष्टी वाचताना खरी अडचण होते ती निराळीच. आपलं बालपण रामकुंडाच्या आसपास गेलेलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की कुणीतरी पुढे होऊन मोठ्याने म्हणतं, 'धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघतो, काळजी करू नका.' तेवढ्यानेही नाही भागलं तर त्र्यंबकेश्वर आहेच, तिथला नारायण नागबळीचा विधी आहे. म्हणजे मेलेल्याची काहीतरी इच्छा असते आणि ती पुरी करायची रीतही असते. मुंजा पिंपळावर का बसतो तेही आपल्याला ठाऊक. जेम्सच्या भुताला मात्र तुमच्याकडून मिळण्यासारखं काही नकोच असतं. तुम्ही जुनी वस्तू उकरलीत, एवढं त्याला पुरतं. शांती नाही, उतारा नाही. पहिल्यांदा वाचताना मी शेवटपर्यंत वाट बघत होतो, आता कुणी जाणता येईल म्हणून.

आणि नेमका इथेच पहिल्या गटाचा हिशेब चुकतो. बुवाचा धंदा भीतीवर चालतो हे खरं, पण त्याचा माल म्हणजे उपाय: लिंबू, गंडा, पाच हजारांची पूजा. चांगली भयकथा उपाय विकत नाही. पुस्तक मिटलं की व्यवहार संपला. कायद्याच्या अनुसूचीतलं पहिलं कलम एकदा वाचून बघा. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं. माझ्या शेल्फावरच्या एकाही संग्रहात इतकं भयंकर पान नाही, आणि त्या पानावर भूत कुठेच नाही, सगळी माणसंच आहेत.

तरीही दुसऱ्या गटाचं 'वाचू द्या, काय होतंय' मला पुरत नाही. आपल्या जुन्या गोष्टींतली हडळ बहुतेक वेळा कोण असते? बाळंतपणात गेलेली, टाकलेली, विहिरीत ढकललेली बाई. तिच्यावर अन्याय झाला हे गोष्ट दोन ओळींत उरकते आणि उरलेली सगळी पानं तिला घाबरण्यात घालवते. नाशिकपासून फार लांब नाही, नंदुरबारकडच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या बातम्या येतात. तिथल्या मुलीने अशी गोष्ट वाचली तर तिला ती करमणूक वाटेल असं मी तरी लीड्समध्ये रजई पांघरून म्हणणार नाही. इंग्लंडने चेटूक ठरवून बायकांना फासावर चढवणं केव्हाच थांबवलं, म्हणून इथला वाचक निवांत आहे. ही निवांती आयती मिळालेली नाही.

मावसभावाला मी एवढंच कळवलंय की संग्रह कपाटात राहू दे, पण अनुक्रमणिका बघ. त्यात बायकांनी लिहिलेल्या किती कथा आहेत ते मोज. नसतील तर दुसरा संग्रह सुचवा, पैसे मी पाठवतो. शिवाय त्या कायद्याची मराठी प्रत त्याच कप्प्यात ठेवा, भयकथांच्या शेजारी. यावर समितीत पुन्हा वाजलंय, असं कालच समजलं.