जलपर्णीतून समृद्धी: इच्छुकांसाठी मार्गदर्शन

गेल्या रविवारी आमच्या तळ्याकाठच्या सभागृहात ‘जलपर्णीतून समृद्धी’ या विषयावर कार्यशाळा झाली. खिडक्या बंद करून झाली. का, ते तळ्याकाठी राहणाऱ्यांना सांगायला नको. गॅस, खत, कागद, पर्स असं काय वाटेल ते या वनस्पतीतून निघतं हे दोन तास ऐकलं, टाळ्या वाजवल्या, आणि घरी येताना फाटकासमोर तीन आठवडे कुजत पडलेल्या त्याच वनस्पतीच्या ढिगावरून घसरून सपशेल आडवा झालो. पँट दोनदा धुतली. वास गेला नाही. एवढं ज्ञान एकट्याने अंगावर बाळगणं बरं नव्हे, म्हणून हे चार शब्द. तळं कुठलं ते विचारू नका. तुमच्याही गावात एक आहेच.

सगळ्यात आधी कच्च्या मालाची बेगमी करा. जलपर्णी मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली, फुलं देखणी म्हणून माणसाने जगभर नेली. तिचे लाड फार नाहीत. नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट होते. हे खत विकत आणू नका. शहर रोज सकाळी फुकट देतं: मैला, लघवी, भांड्यांचा-कपड्यांचा साबण. एक नाला तळ्यात सोडा, झालं. कॅनडात १९७३ साली डेव्हिड शिंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला, एका अंगाला कार्बन आणि नत्र घातलं, दुसऱ्या अंगाला तेच आणि वर स्फुरद. स्फुरदाचं अंग शेवाळाने हिरवंगार झालं. आपल्याला पडद्याचा खर्च नाही. आपण सगळ्याच अंगांनी घालतो.

नाल्यावर शुद्धीकरण केंद्र आहे? घाबरू नका. नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रात घाण बरीच कमी होते, पण नत्र-स्फुरदाचा मोठा वाटा तसाच पुढे जातो. शुद्ध करून सोडलेल्या पाण्याबद्दलच्या केंद्र सरकारच्या नियमांच्या २०१५च्या मसुद्यात नत्राची मर्यादा होती, २०१७ साली अंतिम नियम आले तेव्हा ती गळली. म्हणजे कागदावर पाणी शुद्ध आणि आपलं पीकही जोमात.

फोटो जांभळी फुलं आल्यावरच काढा.

आता टेंडर. इथे अनुभवाचे बोल आहेत, नीट वाचा. जलपर्णी कधीही पूर्ण काढायची नाही. पोकलेन आणायचं, त्याचा हात काठावरून पोहोचेल तेवढीच ओढायची आणि काठावरच टाकायची. कोणी विचारलं तर ‘निथळू द्या’ म्हणायचं. म्हणणं शास्त्राला धरून आहे, कारण तिच्या शंभर किलोंत साधारण पंचाण्णव किलो पाणीच. दहा टनांचा डंपर भरला तर साडेनऊ टन पाणी फिरायला निघतं. म्हणून निथळू द्यायची. आमच्याकडे निथळली. मग कुजली. मग माश्या आल्या, मग कुत्री, मग वळवाचा एक पाऊस, आणि अर्धा ढीग वाहत परत तळ्यात. उरलेल्याचा काळा काढा झिरपत परत तळ्यात. मधल्या पाण्यात जी हातच न लावलेली होती, तिने तोवर मोकळी जागा भरून काढली. मी पालिकेत फोन केला. ‘काम पूर्ण झालंय, नोंद आहे.’ अहो, माझ्या फाटकासमोर आहे ते काय मग? ‘ते उचलण्याचं काम वेगळं असतं, साहेब.’ काढण्याचं वेगळं, उचलण्याचं वेगळं, टाकण्याचं वेगळं! आणि बिया गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतात, म्हणजे ठेकेदाराच्या मुलाचीही सोय लागली. नाला मात्र त्याच जागी, त्याच धारेने. त्याला कोणी हात लावत नाही, कारण त्याचं टेंडर एकदाच निघेल.

वस्तू विणायला बचत गटाच्या बायका आहेतच. त्या गुडघाभर मैलापाण्यात उतरतील, आपण प्रदर्शनाची फीत कापू. (आसामात दीपोर बील नावाच्या तळ्याकाठच्या मासेमार घरांतल्या मुलींनी यातून योगासनांची चटई केली, ती खरोखर चांगली कल्पना आहे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.)

राहिला गॅस. जलपर्णी बारीक चिरून, शेण मिसळून टाकीत घातली की मिथेन मिळतो, हे खोटं नाही. पण गॅस होऊन जातो तो कार्बन. नत्र-स्फुरद टाकीत उरलेल्या रबडीत, म्हणजे स्लरीत, जिथल्या तिथे राहतं. ती स्लरी शेतात गेली तर ठीक. कार्यशाळेत मी विचारलं, स्लरी कुठे जाणार? उत्तर आलं, ‘सध्या लाइनीला जोडू.’ कुठली लाइन? तीच हो, तळ्यात जाणारी. आणि वर कारखान्याचं पाणी येत असेल तर या पानांत शिसं आणि कॅडमियमही उतरतं, त्याचं खत कोणाच्या मेथीला घालणार तेही सांगा. बाकी तळ्यातून ऊर्जा काढण्यात बंगळुरू आपल्या पुढे आहे. बेलंदूर तळ्याने जानेवारी २०१८मध्ये पेटच घेतला, विझवायला लष्कराचे जवान आले. आपण तेवढे पोहोचलो नाही अजून.

आणि समजा प्रकल्प जोरात चालला, तर उद्या नाला बंद करायला निघालेल्या माणसाला काय सांगाल? कच्चा माल बंद पडतोय, पोटावर पाय येतोय?

बास झालं. स्फुरद हवं तर ते तळ्यात जाण्याआधी काढा ना. मैलापाण्यातून त्याचे स्ट्रुव्हाइट नावाचे खडे करून खत म्हणून वापरता येतात, जगात ते चालू आहे. आपण परदेशातून स्फुरद आणतो, डीएपी खताच्या गोणीसाठी शेतकरी रांगेत उभा, आणि तेच स्फुरद आपण रोज संडासातून तळ्यात सोडतो नि वर त्याची फुलं बघायला सहली काढतो. लाज वाटायला हवी.

ठेकेदाराला आणि साहेबांना शिव्या देऊन झाल्या. आता तुम्ही. तुमच्या सोसायटीच्या तळघरातला एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करायचा प्लांट, चालू आहे? आमचा नाही. वार्षिक सभेत मी विषय काढला तर चेअरमन म्हणाले, ‘काका, ब्लोअरचं लाइट बिल कोण भरणार?’ चाळीस फ्लॅटांत चारचाक्या साठ, आणि एकानेही हात वर केला नाही. मीही पुढे काही बोललो नाही, चहा घेतला आणि निघालो. परवा वॉचमनला विचारलं, ते मशीन शेवटचं कधी चालू झालं होतं? तो म्हणाला, ‘तपासणीवाले आले होते ना, त्या दिवशी.’