पहिल्याच उड्डाणात ड्रोन घालवण्याची खात्रीशीर रीत

खोकं उघडलं की सगळ्यात वर असते ती माहितीपुस्तिका. तिच्याकडे ढुंकूनही बघू नका. चिनीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून कशात तरी आलेली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांतली ती चतकोर घडी वाचायला तुम्ही काय परीक्षेला बसला आहात? जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड असेल तर तिथे सारा. आमच्याकडे ती पहिल्या दिवसापासून तिथेच आहे आणि टेबल तसूभर हलत नाही. ड्रोनबद्दल तसं म्हणता येणार नाही.

ड्रोन भाच्याचा. म्हणजे बाराव्या वाढदिवसाला मीच त्याला दिला होता, आणि दिल्यावर पाच मिनिटांत "थांब, आधी मी दाखवतो" म्हणून परत घेतला होता. मामा लोकांना शिकायचं नसतं, दाखवायचं असतं. बहिणीच्या पोराने आपल्याला काहीतरी शिकताना पाहावं यासारखी नामुष्की नाही. हे ज्याला पटलं त्याचा ड्रोन संध्याकाळपर्यंत टिकत नाही. पुढचं सगळं विवेचन याच एका तत्त्वावर उभं आहे.

शिवाय आपल्याला परंपरा आहे. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं असं सांगतात, तेही बिनमाणसाचं! बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली असल्या विमानांवरचा 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ तपासला आणि त्यातली विमानं उडणं शक्य नाही असा निर्वाळा दिला, ते सोडा. ते लोक पुस्तिका वाचणाऱ्यांपैकी.

सुरुवात बॅटरीपासून करू. शिकाऊ ड्रोनची बॅटरी बोटाच्या दोन पेरांएवढी, ३.७ व्होल्टची, लिथियम पॉलिमर जातीची. ती भरायला पाऊण तास लागतो आणि उडायला मिळतात सहा-सात मिनिटं. हा हिशेब कळला की माणूस साहजिकच चिडतो. म्हणून घरातला सगळ्यात दांडगा मोबाइल चार्जर लावा, बॅटरी गादीवर ठेवा आणि आंघोळीला जा. एकदा उडवून झालं की ती हाताला चटका देते. निवू देण्याची भानगड नको, तशीच परत चार्जिंगला लावा. ड्रोन खाली बसेपर्यंत, दिवे लुकलुकले तरी उडवत राहा. ही जात ३ व्होल्टच्या खाली पिळली की मरते म्हणतात. मरत नाही हो, फुगते. आमची तर पुरीसारखी टम्म फुगली. आईने ती काही न बोलता चिमट्याने उचलली आणि वाळूच्या कुंडीत नेऊन ठेवली. घरात समजूतदार माणूस असला की आपली प्रयोगशीलता अशी मारली जाते.

आता पाती. चार मोटरी, चार पाती. त्यांतली दोन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, दोन उलट. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली जोडी एका दिशेची. असं नसतं तर पात्यांच्या उलट दिशेने अख्खा ड्रोनच गरागरा फिरत बसला असता. पात्याच्या बुडाशी बारीक 'ए' किंवा 'बी' कोरलेलं असतं, पण ते दिसायला चष्मा लागतो आणि चष्मा खाली घरात राहिलेला असतो. तेव्हा दिसेल ते पातं दिसेल त्या दांडीवर बसवा. थ्रॉटल, म्हणजे ड्रोनला वर-खाली नेणारी रिमोटवरची दांडी, वर केल्यावर ड्रोन जागच्या जागी कोलांटी मारून पाठीवर पडला, तर "माल खराब निघाला" असं म्हणून दुकानदाराला फोन लावा. मी लावला होता. त्याने एकच विचारलं, "साहेब, ए आणि बी बघितलं का?" असल्या उद्धट माणसांमुळेच मराठी माणूस धंद्यात मागे आहे, असं मी भाच्याला समजावून सांगितलं. मग चष्मा आणवला.

यानंतर जागा. मोकळं मैदान, गवत, आसपास माणूस नाही, वारा पडलेला, वेळ सकाळी साडेसहाची, हे सगळं भित्र्यांसाठी. तुम्ही सोसायटीची गच्ची निवडा. वेळ मे महिन्यातली, सकाळी अकराची. का ते सांगतो. एक तर त्या वेळेला वारा सुटलेला असतो, आणि ऐंशी-नव्वद ग्रॅमच्या यंत्राला वाऱ्याची ओळख तिथे जितकी चांगली होते तितकी कुठे होत नाही, कारण कठड्यावर आपटून तो वर उसळतो आणि कुठून येईल हे त्यालाही ठाऊक नसतं. दुसरं, मे महिन्यात गच्चीवर वाळवणं असतात. त्याकडे येतोच.

उडवण्याआधी ड्रोन सपाट जागी ठेवून कॅलिब्रेट करायचा असतो. बहुतेक खेळण्यांत रिमोटच्या दोन्ही स्टिक खालच्या एका कोपऱ्यात दाबून धरल्या की दिवे लुकलुकतात आणि ड्रोनला कळतं, 'बरं, हे आडवं.' आपण तो गच्चीवरच ठेवायचा. गच्ची सपाट दिसते, पण ती सपाट नसते. पावसाचं पाणी पन्हाळीकडे जावं म्हणून गवंड्याने तिला उतार दिलेला असतो. ड्रोन बिचारा त्या उतारालाच आडवं समजतो, आणि हवेत गेल्यावर तुम्ही स्टिकला हात न लावता एका अंगाला सरकत राहतो. गवंड्याने पाण्यासाठी धरलेला ढाळ यंत्राने इतका इमानेइतबारे पाळलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

सरकण्यावर उपाय म्हणून रिमोटवर ट्रिमची बारकी बटणं असतात. ती दाबत बसू नका. लोक बघतायत.

आणि लोक असायलाच हवेत. आजूबाजूला किमान सात-आठ पोरं, धुणं वाळत घालणाऱ्या दोन काकू आणि 'याला परवानगी आहे का' असं विचारायला आलेले सेक्रेटरी एवढा जमाव असल्याशिवाय उड्डाण करू नये. फिरत्या पात्यांपासून माणसं दोन-चार मीटर लांब ठेवावीत म्हणतात. पण लांबून त्यांना मजा कशी येणार? पोरांना कोंडाळं करू द्या. मुलींचे केस मोकळे असतील तर उत्तम. मोटरीच्या दांडीवर गुंडाळलेला केस शिवणाच्या सुईने सोडवत बसण्यात एक संध्याकाळ सुरेख जाते.

आता प्रत्यक्ष उड्डाण. डाव्या स्टिकने वर-खाली आणि स्वतःभोवती गिरकी, उजवीने पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे. शिकवणारे म्हणतात, पहिला आठवडा ड्रोनची शेपूट स्वतःकडे ठेवा, गुडघ्याएवढ्या उंचीवर एका जागी तरंगत ठेवायला शिका, जमिनीवर खडूने चौकोन आखा आणि त्याबाहेर जाऊ देऊ नका. एक आठवडा! गुडघाभर! अहो, गुडघाभर तर कोंबडीही उडते. तुम्ही सरळ टाकीच्या वर न्या.

टाकीच्या वर गेल्यावर जी गंमत आहे ती पुस्तिकेत वाचून कळत नाही. मी थ्रॉटल वर ढकलला, ड्रोन टुणकन उठला, पोरांनी 'ओऽऽ' केलं, आणि माझ्या छातीत जे काही भरून आलं त्यात मी गिरकीची स्टिक जरा जास्त दाबली. ड्रोनचं नाक माझ्याकडे झालं. नाक आपल्याकडे झालं की डावं-उजवं उलटं होतं, हे समजायला सोपं आहे. आरशासमोर दाढी करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण बोटांना ते समजत नाही. ड्रोन डावीकडे काकूंच्या दिशेने निघाला. मी उजवी स्टिक जोरात उजवीकडे दाबली. तो आणखी डावीकडे गेला. म्हणून मी आणखी जोरात उजवीकडे दाबली. या घटकेला माणसाच्या मनात जो विचार येतो तो मी शब्दशः देतो: 'हा ऐकत कसा नाही?' तो ऐकत होता. त्याच्याएवढं माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

त्यावर उपाय म्हणून रिमोटवर 'हेडलेस' नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की नाक कुठेही असो, जमिनीवरून उठताना ज्या दिशेला तोंड होतं तीच पुढची बाजू धरली जाते. ते मी दाबलं, पण तोवर मी स्वतःच ड्रोनमागे पळत उलटा फिरलो होतो. म्हणजे आता तो शहाणा झाला होता आणि उलटा मी होतो.

खाली जुन्या साड्यांवर कुरडया घातलेल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे चार वाजता शिजवून, सोऱ्याने पाडलेल्या. ड्रोन त्यावर आधी पडला नाही. आधी तो हातभर उंचीवर थांबला आणि त्याच्या पात्यांच्या वाऱ्याने साडीचं टोक उचललं गेलं, अर्धओल्या कुरडया एकमेकींवर लोळल्या, मग तो पडला. पडल्यावर थ्रॉटल क्षणात शून्यावर आणायचा असतो. पातं अडकलेलं असताना मोटर फिरवत ठेवली तर ती जळते. पण कुठल्याही स्वाभिमानी माणसाचा हात अशा वेळी थ्रॉटल वरच ढकलतो. 'ऊठ, ऊठ' असं तोंडाने म्हणायचंही असतं. कुरडईचा चीक पात्यांनी चौफेर उडाला. सेक्रेटरींच्या चष्म्यावर एक तार बराच वेळ लोंबत होती. मोटरीतून जळका वास आला, त्यात किंचित गव्हाचा.

काकू एवढंच म्हणाल्या, "अहो, तुमच्या आईला सांगा, सोऱ्या तुमचाच होता." म्हणजे नुकसान दोन्ही घरांचं.

इथे कायद्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तुम्ही म्हणाल, खेळण्याला कसला कायदा. अगदी बरोबर, असंच म्हणत राहा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो आणि तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. एवढंच वाक्य पाठ करा. पुढचं वाचू नका, कारण पुढे नकाशा आहे: हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मोकळीक. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच. त्याच्या आत परवानगीशिवाय उडवायचाच नाही. दंड एक लाखापर्यंत. आमच्या पुण्यात एका अंगाला लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि दुसऱ्या अंगाला खडकवासल्याची एनडीए, त्यामुळे इथे सरकारचं 'डिजिटल स्काय' संकेतस्थळ उघडून नकाशा बघणं म्हणजे लग्नाआधी पत्रिका बघण्यासारखं. बघितलीत तर काहीतरी निघणारच. आणि खरं तेज दाखवायचं असेल तर विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी गर्दीवरून फिरवा, किंवा रायगडावर न्या. तिथे पुरातत्त्व खात्याची माणसं स्वतः तुमची चौकशी करायला येतात.

गावाकडे न्यायचा असेल तर रात्रीचा न्या. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यापासून मराठवाड्यापर्यंत कित्येक गावं 'रात्री ड्रोन फिरतोय, चोर टेहळणी करतायत' म्हणून काठ्या घेऊन जागत होती. अशा ठिकाणी प्रेक्षकांचा तुटवडा नाही.

त्याच गावांत 'ड्रोन दीदी' नावाच्या बायका आहेत. बचत गटातून निवडलेल्या. त्यांना फवारणीचा ड्रोन हातात देण्याआधी पंधरा दिवसांचं प्रशिक्षण असतं, त्यातले पाच दिवस नुसतं उडवण्याचं. पंधरा दिवस! आपल्याला आठ मिनिटांचा व्हिडिओ पुरला, तोही दीडपट वेगाने. फरक असणारच, त्यांना खाली उभं पीक असतं. आपल्याला फक्त कुरडया.

जीपीएसवाला महागडा ड्रोन घेतला असेल तर त्याला उपग्रह सापडेपर्यंत थांबू नका. थांबलात तर तो 'घर' कुठे आहे ते नोंदवून ठेवतो आणि संपर्क तुटला की परत येतो. परत येणाऱ्या ड्रोनमध्ये काय थरार? आणि परतीची उंची शेजारच्या इमारतीपेक्षा कमी ठेवा, म्हणजे आलाच तर पाचव्या मजल्याच्या ग्रिलमार्गे येईल.

आमच्या ड्रोनला दुकानदाराने नवी मोटर बसवून दिली, तारेला डाग देऊन. पाती भाच्याने बसवली. ए कुठे, बी कुठे ते त्याने टेबलाखालची पुस्तिका काढून बघितलं, आणि परत तिथेच घडी घालून सारली, हे मला नंतर कळलं.

तेव्हापासून हा मुलगा बिघडला आहे. रोज सकाळी साडेसहाला खाली पार्किंगमध्ये जातो. फरशीवर पाण्याचा थेंब टाकून तो ओघळतो का बघतो, मग तिथे ड्रोन ठेवतो. खडूचा चौकोन. शेपटीला लाल चिकटपट्टी. रिमोट आधी चालू, शेवटी बंद. गुडघाभर उंच करतो आणि तोंडाने तीस आकडे मोजतो. उतरवतो. परत. दोन बॅटऱ्या झाल्या की पायरीवर बसून त्या निवायची वाट बघतो. पहिल्या दिवशी वॉचमन खुर्ची घेऊन बघायला बसला होता; तिसऱ्या मिनिटाला उठून दूध आणायला गेला.

काल मी न राहवून बाल्कनीतून ओरडलो, "अरे, वर ने की जरा! सगळे बघतायत."

बघत कुणीच नव्हतं. त्याने मान वर केली नाही. ड्रोन हवेत असताना तो करत नाही.

"आज फक्त उजवं अंग, मामा," तो म्हणाला. "नाक पुढच्या आठवड्यात."