शिबिरातून परत पाठवले म्हणजे रक्त नको होते, असे नाही

कोकणातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: रक्तपेढ्यांना रक्ताची खरी गरज नसतेच, म्हणून शिबिराला आलेल्यांना नको ते खाजगी प्रश्न विचारून आणि हिमोग्लोबिनचे कारण सांगून परत पाठवतात, ज्यांचे घेतात त्यांचे फुकट मिळालेले रक्त दीड हजाराला विकतात, दिलेले रक्त भरून यायला वर्ष लागते, तेव्हा शिबिराला जाऊ नका, आपल्या माणसाला लागेल तेव्हाच द्या. शिबिरांमध्ये नोंदणीच्या टेबलावर बसणारा कार्यकर्ता म्हणून याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण मजकुराचा निष्कर्ष चुकीचा असला तरी त्यामागचा अनुभव खरा आहे. दिवसाची मजुरी सोडून, दोन एसटी बदलून आलेल्या माणसाला ‘आज तुमचे घेता येणार नाही’ एवढेच सांगितले जाते, त्यामागचे कारण समजावून सांगायला कोणाला सवड नसते, आणि तो आपला अपमान झाला असे समजून घरी जातो.

पहिला मुद्दा हिमोग्लोबिनचा. आपल्याकडे रक्तदात्याचे हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात किमान १२.५ ग्रॅम असावे लागते, आणि ही अट स्त्री-पुरुष दोघांना सारखीच आहे. अनेक शिबिरांत बोट टोचून रक्ताचा एक थेंब निळ्या द्रावणात सोडतात. हे द्रावण मोरचुदाचे असते, म्हणजे आपले बागायतदार सुपारीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात जो वापरतात तोच. त्याची घनता अशी ठरवलेली असते की पुरेसे हिमोग्लोबिन असलेला थेंब काही सेकंदांत तळाशी जातो आणि कमी असलेला वर रेंगाळतो. ही तपासणी दात्याच्या डोळ्यांदेखत होते, त्यामुळे कोणाला मुद्दाम नापास करण्याचा आरोप टिकत नाही. एका शिबिरात वाडीतल्या एका तरुण मुलीचा थेंब असा वरच राहिला आणि तिचा चेहरा पार उतरला. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारल्यावर कळले की घाटी चढताना तिला बरेच दिवस दम लागत होता आणि घरच्यांनी तो कामाचा शीण समजून सोडून दिला होता. तिच्याकडून त्या दिवशी ३५० मिलिलिटर रक्त घेतले असते तर तिची प्रकृती आणखी खालावली असती, आणि ज्या रुग्णाला ती पिशवी चढली असती त्याच्याही पदरात लाल पेशी कमीच पडल्या असत्या. तिला आरोग्य केंद्रात जाण्याची चिठ्ठी मिळाली. माझ्या मते त्या दिवशी शिबिराने केलेले ते सर्वांत मोलाचे काम होते.

खाजगी प्रश्नांचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया या पाच आजारांसाठी तपासणी होतेच, मग विचारायचे कशाला, असे लोक म्हणतात. याचे उत्तर असे की संसर्ग झाल्यानंतरचा सुरुवातीचा काही काळ रक्तात विषाणू असूनही तपासणीत तो सापडत नाही, आणि त्या काळापुरता रुग्णाला वाचवणारा एकच उपाय उरतो, तो म्हणजे दात्याचे खरे उत्तर. हे प्रश्न मात्र मांडवात, शेजारच्या खुर्चीवर गावचाच माणूस बसलेला असताना विचारले जाऊ नयेत. जिथे आडोसा नाही तिथे तो मागण्याचा दात्याला पूर्ण हक्क आहे, आणि आयोजकांनी तो स्वतःहून द्यायला हवा.

‘परत पाठवतात, म्हणजे गरज नाही’ हा तर्क कोकणात तर उलटाच लागू पडतो. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) रुग्ण वाढतात आणि त्यांतल्या काहींना प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायला मदत करणाऱ्या रक्तातल्या पेशी, द्याव्या लागतात. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे मे महिन्यात साठवून जुलैत वापरणे शक्य नसते. लाल पेशीसुद्धा त्या टिकवण्यासाठी पिशवीत वापरलेल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवसच ठेवता येतात. आणि नेमक्या याच काळात दाते कमी असतात. लोक लावणीत गुंतलेले असतात, शिवाय मलेरियातून बरे झाल्यावर तीन महिने आणि डेंग्यूनंतर सहा महिने रक्त देता येत नाही. म्हणजे ज्या दिवसांत रक्त सर्वाधिक लागते, त्याच दिवसांत सर्वाधिक लोकांना परत पाठवावे लागते. एकाच राष्ट्रीय सणाला सगळ्यांनी मिळून मोठे शिबिर घ्यायचे आणि पुढे चार महिने शांत बसायचे, ही आपली पद्धत या टंचाईत भर घालते, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आता पैशांचे. रक्ताला किंमत नाही, ते विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची पद्धत १ जानेवारी १९९८पासून बंद झाली. रक्तपेढीला घेता येतो तो प्रक्रिया खर्च, आणि त्याचीही कमाल मर्यादा २०२२मध्ये संपूर्ण रक्ताच्या पिशवीसाठी सरकारी रक्तपेढीत १,१०० आणि खाजगीत १,५५० रुपये अशी ठरवण्यात आली. त्यात पिशवी, रक्तगट, वरच्या पाच तपासण्या, शीतसाठवण आणि तंत्रज्ञांचे काम येते. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया या रक्ताच्या आजारांच्या रुग्णांना हा खर्चही माफ आहे. कोणी ठरलेल्यापेक्षा जास्त मागत असेल तर पावती घ्यावी आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. रक्तपेढीचा परवाना त्यांच्याच देखरेखीखाली असतो.

वर्षभर रक्त भरून येत नाही, हे तर सपशेल चूक आहे. रक्तातला द्रव भाग एक-दोन दिवसांत पूर्ववत होतो आणि लाल पेशी काही आठवड्यांत. लोहाचा साठा भरायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणूनच दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवायचे असते.

राहिला ‘आपल्या माणसाला लागेल तेव्हा देऊ’ हा सल्ला, आणि मला सर्वांत धोकादायक तोच वाटतो. तुमचा रक्तगट जुळला तरी तुम्ही दिलेली पिशवी त्याच घटकेला रुग्णाला चढत नाही. तपासण्या पूर्ण व्हाव्या लागतात, रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहावे लागते. बाळंतिणीचा रक्तस्राव किंवा मुंबई-गोवा महामार्गावरचा अपघात तेवढा वेळ थांबत नाही. देवगड-मालवणकडच्या नातेवाइकांना तर रुग्ण बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवला की दाते घेऊन थेट गोव्यापर्यंत धावावे लागते. तिथे पहिल्या तासात उपयोगी पडते ते कोणा अनोळखी माणसाने आधीच देऊन ठेवलेले रक्त. म्हणून ज्यांना मागच्या शिबिरातून परत पाठवले गेले त्यांनी कारण काय होते ते विचारून घ्यावे, हिमोग्लोबिन कमी असेल तर उपचार घ्यावेत, तापाचे कारण असेल तर ठरलेली मुदत मोजावी, आणि पुढच्या वेळी उपाशीपोटी किंवा रात्रीच्या जागरणानंतर न येता सकाळी पोटभर न्याहारी करून यावे.